पेंटॅक्स के१००० ला कोणत्या लेन्सेस घ्याव्या? आधी ऊन बघ, मग यादी कर

तुझा प्रश्न मी असा समजून घेतला: आजोबांचा पेंटॅक्स के१००० घरात निघाला, त्यावर एसएमसी पेंटॅक्स-एम ५० एमएम एफ २ लागलेली आहे, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलून राहिला म्हणजे कॅमेरा जिवंत आहे, खर्चायला दहा हजार आहेत, आणि ‘बेस्ट लेन्सेस’ सांगा. काढायचं काय तर घरची माणसं, महाल-इतवारीच्या गल्ल्या, मारबतीची मिरवणूक, रामटेक आणि शेवटी हळूच ‘जंगल पण’. सोबत तुझी यादी: ५० एमएम १.४, ८५ एमएम, ७०-३०० झूम आणि एक हेलिऑस. मामांकडे निकॉनच्या दोन लेन्सेस पडल्या आहेत त्या बसतील का, हेही विचारलंस.

आधी उत्तर देतो मग कारणं. आकडे असे वाच: एमएम लहान तितकं फ्रेममधे जास्त मावते, आणि एफ म्हणजे अपर्चर, लेन्समधलं भोक, त्याचा आकडा लहान तितकं भोक मोठं. ५० एफ २ आहे ती ठेव. एक २८ एमएम घे. पैसे उरले तर १३५ एफ ३.५, नाही उरले तर फिल्म घे. १.४ आणि ७०-३०० यादीतून काट. निकॉनच्या बसणार नाहीत. आता बस, सविस्तर सांगतो, कारण यातलं प्रत्येक वाक्य कोणाला ना कोणाला पटणार नाही हे मला माहीत आहे.

मी लग्नं फिल्मवर काढली, नंतर बरीच वर्षं जुन्या लेन्सेस उघडून, साफ करून, विकून पोट भरलं, त्यामुळे माझं मत थोडं दुकानदाराचं थोडं मेकॅनिकचं आहे हे धरून चाल. लोक लेन्स निवडताना लेन्सचं नाव पाहतात. मी दोन गोष्टी पाहतो. ही लेन्स कोणत्या उजेडात, कोणत्या फिल्मवर, कोणत्या शटरवर चालणार आहे, ही पहिली. आणि समोर जो नग ठेवला आहे तोच नग आतून कसा आहे, ही दुसरी. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या मालात मॉडेलचं नाव फार थोडं सांगते, त्याच मॉडेलचे दोन नग एकमेकांपासून इतके वेगळे निघतात की विचारू नको.

१.४ पासून सुरू करू कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकतो. के१००० चं सगळ्यात फास्ट शटर १/१०००, नावातच आहे. आता नागपूरचं ऊन घे. भर उन्हाचा जुना हिशोब असा की एफ १६ ला शटर म्हणजे फिल्मच्या स्पीडइतकं, म्हणजे ४०० ची फिल्म असली तर साधारण १/५०० ला एफ १६, १/१००० ला एफ ११. झालं, शटर संपलं. म्हणजे फुटाळा तलावावर दुपारी तू ४०० चा रोल टाकून उभी राहिलीस तर एफ ११ च्या खाली तुला जाताच येत नाही, मग लेन्सची रिंग १.४ पर्यंत उघडते की २ पर्यंत याचा काय फायदा. १०० ची फिल्म टाकली तरी १/१००० ला एफ ५.६ वर येऊन थांबतेस, त्याहून खाली जायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावावा लागते, एफ २ पर्यंत यायला तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निगेटिव्ह फिल्म एक-दोन स्टॉप ओव्हर, म्हणजे जास्तीचा उजेड, सहज सहन करते हे खरं, पण चार-पाच स्टॉप म्हणजे अंगावर आलं.

मग म्हणशील घरात, संध्याकाळी, लग्नाच्या हॉलमधे तर १.४ लागेल ना. लागेल, पण हिशोब करून बघ. ट्यूबलाइटच्या खोलीत ४०० च्या फिल्मवर एफ २ ला १/३० ते १/६० मिळते, १.४ ला त्याच्या दुप्पट. फरक बरोबर एक स्टॉपचा. आणि १.७ घेतलीस तर एफ २ पेक्षा अर्धा स्टॉप फास्ट, १.४ पेक्षा अर्धा स्टॉप स्लो, मधोमध. ब्लॅक अँड व्हाइट काढत असशील तर इलफर्ड एचपी५ किंवा कोडॅक ट्राय-एक्स ८०० ला रेट करून, म्हणजे मीटरवर ८०० धरून, लॅबवाल्याला एक स्टॉप पुश करायला, म्हणजे जास्त डेव्हलप करायला सांग, तेवढाच स्टॉप जवळपास फुकटात मिळाला, थोडं ग्रेन वाढते आणि कॉन्ट्रास्ट वाढतो इतकंच. दुसरी गोष्ट फोकसची. १.४ वर ४५ सेंटिमीटरच्या जवळ जाऊन चेहरा काढला तर शार्प राहणारा भाग सहा-सात मिलिमीटर, पापणी शार्प तर बुबुळ गेलं. के१००० च्या व्ह्यूफाइंडरमधे साध्या मॉडेलला मधे मायक्रोप्रिझमचा ठिपका आहे, तो चमकायचा थांबला की फोकस झाला असं समजायचं. ते एफ २ वर एक मीटरवरून नीट जमते कारण तिथे साडेचार सेंटिमीटरच्या आसपास जागा मिळते. १.४ चा एकच फायदा मी मनापासून मान्य करतो, व्ह्यूफाइंडर जरा उजळ दिसतो. त्यासाठी किती पैसे मोजायचे ते तुझं तू ठरव.

तुझी एफ २ ही पेंटॅक्सच्या नॉर्मल लेन्सेसमधली गरीब बहीण मानली जाते, के१००० सोबत खोक्यातच यायची म्हणून. १.७ तिच्यापेक्षा कडांना आणि पूर्ण उघड्या अपर्चरला चांगली, हे खरंच आहे, पण एफ ४ पासून पुढे, एफ ५.६-८ ला तर, लॅबच्या साध्या स्कॅनवर दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे ओळखणं कठीण. मोठा प्रिंट करायचा असेल, निगेटिव्ह चांगल्या मशीनवर स्कॅन करून घ्यायची असेल तेव्हा १.७ कामाची. उद्या कोणी चांगला नग स्वस्तात दिला तर घे, शोधत फिरू नको. बाय द वे, के ५५ एमएम १.८ म्हणून एक आधीची लेन्स येते, एम सिरीजच्या आधीच्या पिढीतली, ती कुठे धूळ खात पडलेली दिसली तर मात्र सोडू नको. लोकांचं लक्ष ५० वर असते, ती मागे राहून जाते.

आता २८. इथे मी पैसे खर्च करीन.

महाल, इतवारी, गांधीबाग, या गल्ल्यांमधे मागे सरकायला जागाच नसते. ५० एमएम लावून तू वाड्याचा दरवाजा काढायला गेलीस तर पाठ समोरच्या भिंतीला टेकते आणि तरी चौकट कापली जाते. २८ चा कोन तिरप्यात ७५ अंश, ५० चा ४६-४७, तेवढ्यानं सगळं घरात येते. आणि मारबतीसाठी तर दुसरं काही सुचवणारच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत आणि बडगे, म्हणजे मिरवून शेवटी जाळायचे पुतळे, निघतात, गर्दी अशी की कॅमेरा डोळ्याला लावायलाही कोपर उचलावं लागते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ सुरू झालं की माणसं धावतात, तिथे तू मायक्रोप्रिझम चमकायचं थांबायची वाट पाहत बसलीस तर मारबत जाळून झाली असेल. तिथे फोकस करायचाच नाही. २८ ला एफ ८ वर ठेव, अंतराची रिंग ३.३ मीटरवर, म्हणजे १.६५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प. एफ ११ मिळालं तर रिंग २.४ वर, मग १.२ मीटरपासून पुढे सगळं. हे आकडे पाठ करायचे नाहीत, लेन्सच्या नळीवर फोकस मार्कच्या दोन बाजूंना अपर्चरचे आकडे जोडीनं कोरलेले असतात, अनंताची खूण उजव्या-डाव्यापैकी त्या आकड्यावर आणून ठेवली की दुसऱ्या बाजूचा तोच आकडा जवळचं अंतर दाखवतो. आजकालच्या लेन्सवर ही सोय दिसेनाशी झाली, म्हणून नवीन पोरांना सांगावं लागते. मारबत पावसाळ्यात येते, आभाळ असते, ढगाळ दिवशी ४०० च्या फिल्मवर १/२५० ला एफ ८ सहसा मिळते, म्हणजे बरोबर जमलं. ३५ एमएम पण चालते, पण त्याला एफ ११ ला १.८५ मीटरपासून सुरुवात होते, आणि गर्दीत माणूस त्याहून जवळ असतो.

कोणती २८? एसएमसी पेंटॅक्स-एम २८ एफ २.८ किंवा एफ ३.५. दोन्ही चांगल्या, ३.५ वाली कडांना बरी मानतात आणि बहुतेक स्वस्त मिळते, आणि तू तर ती ८-११ लाच चालवणार आहेस. दोन्हींना ४९ एमएमचा फिल्टर. ५० लाही ४९, १३५ एफ ३.५ लाही ४९, एम सिरीजच्या बऱ्याच लेन्सेस ४९ च्याच आहेत, म्हणून एक पिवळा किंवा नारिंगी फिल्टर आणि एक २८ ला चालणारं रबरी हूड घेतलं की सगळ्यांना चालते. हूड घेच. जुन्या कोटिंगवर तिरपं ऊन पडलं की फोटोवर पांढुरकी साय येते, ती नंतर कॉम्प्युटरवर पण नीट जात नाही. पेंटॅक्सचं एसएमसी कोटिंग त्या बाबतीत त्या काळात खूप पुढे होतं, पण हूड नसलेल्या एसएमसीपेक्षा हूड लावलेली साधी लेन्स बरी. आणि तो स्वस्तातला यूव्ही फिल्टर, जो ‘लेन्सच्या सेफ्टीसाठी’ प्रत्येक दुकानदार चिकटवतो, तो काढून ठेव, गर्दीत आणि धुळीत लाव बाकी वेळी नको.

२८ चा एक त्रास आहे. के१००० चं मीटर पूर्ण फ्रेमची सरासरी काढते, वाइड लावली की फ्रेममधे आकाश भरपूर येते, मीटर म्हणते उजेड खूप आहे, आणि माणसं काळी पडतात. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर तर आकाशही पांढरं आणि स्तूपही पांढरा, मीटरला दोन्हीकडून फसवलं. कॅमेरा जरा खाली जमिनीकडे झुकवून काटा मधे आण, तीच सेटिंग ठेव, मग फ्रेम कर. आणि घुमट किंवा देवळाचं शिखर काढताना कॅमेरा वर उचलला की रेषा मागे पडतात, त्यावर उपाय नाही, मागे जा.

१३५ एफ ३.५ मी सुचवतो ते तिच्या किमतीमुळे. प्रत्येक जुन्या कॅमेऱ्यासोबत लोकांनी १३५ घेतली, दोन रोल काढले आणि कपाटात ठेवली, म्हणून बाजारात पुष्कळ आणि बहुतेक आतून साफ. ८५ एफ २ चं नाव मोठं, किंमत नावाची. १०० एफ २.८ मला पोर्ट्रेटला १३५ पेक्षा आवडते, हातात पण छोटी, पण मिळाली पाहिजे. १३५ ला कमीत कमी दीड मीटर अंतर लागते आणि दोन मीटरवर एफ ३.५ ला साडेचार सेंटिमीटरच्या आसपास शार्प मिळते, म्हणजे तुझ्या ५० एफ २ इतकंच, फक्त मागचं सगळं जास्त विरघळते आणि नाक मोठं येत नाही. आजीला ओसरीत बसव, बाजूनं उजेड येऊ दे, १/२५० च्या खाली जाऊ नको, हात हलतो. रामटेकला पण कामाची, पायथ्याहून गडमंदिर ओढून घ्यायला.

जंगलाचं काय ते एकदाच सांगतो. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, जिप्सीत बसून सकाळी सहाला वाघ निघाला तर झाडीत उजेड इतकाच की ४०० च्या फिल्मवर एफ ५.६ ला १/६० मिळेल. ७०-३०० झूम ३०० ला ५.६ च असते बहुतेक, आणि ३०० हातात धरायला १/३०० च्या वर पाहिजे. त्यात जिप्सी हलून राहिली, फोकस हातानं, रोलमधे ३६ फोटो. वाघ तांबडा डाग येईल बाप्पा. शिवाय ५.६ ची लेन्स लावली की व्ह्यूफाइंडर अंधारतो, मायक्रोप्रिझम काळा-भुरका दिसतो, फोकस दिसतच नाही. जंगलात १३५ घेऊन जा आणि वाघ सोडून बाकी सगळं काढ, तळं, गवत, मोहाची झाडं, गेटवरची वानरं. वाघ डोळ्यानं पाहा. टेली झूम हवीच असेल तर विविटार सिरीज १ ची ७०-२१० जुनी चांगली आहे, पण जड आहे. विविटार स्वतः लेन्स बनवत नव्हती, दुसऱ्यांकडून करून घ्यायची, सिरीयल नंबरचे पहिले आकडे ते सांगतात, २२ म्हणजे किरॉनवाले, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. पहिली ७०-२१० एफ ३.५ वाली २२ ची, कोमिनेची २.८-४ पण चांगली. विविटार नाव पाहून डोळे झाकून घेऊ नको, त्या नावाखाली सोनं पण आहे आणि भंगार पण.

आता बसतं काय, बसत नाही काय. के१००० ला के माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची के पद्धतीची कडी, आहे, १९७५ साली पेंटॅक्सनं आणलं, कॅमेरा १९७६ चा आणि १९९७ पर्यंत बनत होता. नुसत्या ‘पेंटॅक्स’ नावाच्या पहिल्या के लेन्सेस, एम, ए, एफ, एफए, सगळ्या चालतात, अट एकच, लेन्सला अपर्चरची रिंग पाहिजे. ए आणि त्यानंतरच्यांना रिंगवर हिरवं किंवा पांढरं ‘ए’ अक्षर असते, ते के१००० ला कळत नाही, बटण दाबून रिंग आकड्यावर आणून ठेव. डीए म्हणजे डिजिटलवाल्या नको, त्यातल्या बहुतेकांना रिंगच नाही, अपर्चर पूर्ण मिटलेलं राहते आणि बऱ्याच लेन्सेसचं प्रतिमेचं वर्तुळ फिल्मच्या फ्रेमला पुरतही नाही. एफए-जे नावाच्यांनाही रिंग नाही. रिकोच्या रिकेनॉन पण के माउंटच्याच, ५० एफ २ एक्सआर तर किमतीच्या मानानं भारी. त्यांच्या पी लेन्सेसना मागे एक जास्तीची पिन असते, ती पेंटॅक्सच्या ऑटोफोकस बॉडीवर अडकून बसते, के१००० ला तशी भानगड नाही, पण उद्या तू दुसरी बॉडी घेतलीस तर लक्षात ठेव.

मामांच्या निकॉनचं असं. निकॉनच्या लेन्सचं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ एमएम, पेंटॅक्सचं ४५.४६. मधे उरला जेमतेम एक एमएम, त्यात धड अॅडाप्टर मावत नाही. पण त्या लेन्सेस फेकू नका, कोणत्या आहेत ते बघ. रिंग असलेली ५० १.८ किंवा १०५ २.५ असेल तर मामांना निकॉनचा एक एफएम किंवा एफएम२ कॅमेरा शोधायला सांग. १०५ २.५ म्हणजे ती, जिच्यावर स्टीव्ह मॅकरीनं १९८४ मधे अफगाण मुलीचा फोटो काढला. फक्त १९७७ च्या आधीच्या, एआय, म्हणजे अपर्चर रिंग मीटरशी जोडायची निकॉनची पद्धत, नसलेल्या लेन्सेस एफएम२ वर जोर लावून फिरवायच्या नाहीत, कॅमेऱ्याचा खटका तुटतो. आणि ‘जी’ लेन्सेसना रिंग नाही, त्या जुन्या निकॉनवर पण तशाच मुक्या.

हेलिऑसबद्दल. ५८ एमएम एफ २, रशियन, युद्धाआधीच्या झाइस बायोटारची नक्कल, मागची पानं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात त्यासाठी पोरं घेतात. माउंट एम४२, म्हणजे पिळून बसवायची. एम४२ चं अंतर आणि के माउंटचं अंतर एकच, ४५.४६, त्यामुळे पेंटॅक्सवर अॅडाप्टरनं अनंतापर्यंत फोकस होतो, हे निकॉनच्या नशिबी नाही. पण अॅडाप्टर आतमधे बुडणारा पाहिजे, पेंटॅक्सचा स्वतःचा तसा आहे. बाजारात स्वस्त मिळतो त्याला बाहेर कडा असते, ती लेन्सला मिलिमीटरभर पुढे ढकलते, आणि दूरचं सगळं भुरकट. आणि लेन्स ४४-२ च घे. ४४एम-४ पासूनच्या पुढच्या मॉडेलला हातानं अपर्चर मिटवायचा खटका नाही, के१००० वर त्या कायम उघड्या राहतात. आणि १/१००० ला एफ ११ चं गणित विसरू नको, तो गोल फिरणारा बोके, म्हणजे मागचा धूसरपणा, फक्त एफ २ ला येतो, म्हणजे सावलीत, संध्याकाळी. माझं विचारशील तर एका युक्तीसाठी लेन्स घेऊ नये, पण तुझं वय आहे, घे.

आता दुसरा मुद्दा, नग कसा पारखायचा. यावर जास्त वेळ घालव, मॉडेलवर कमी.

मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून धर, अपर्चर पूर्ण उघडं कर, पुढून तिरपं बघ, सरळ नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या, कडेपासून आत सरकलेल्या, तर फंगस. धूर कोंडल्यासारखा पांढरा पडदा दिसला तर हेझ, ग्रीसचा वाफारा काचेवर बसलेला असतो. इंद्रधनुष्यी ठिपका किंवा चकाकणारी कडा दिसली तर दोन काचा जोडणारा गोंद सुटला, ती लेन्स खाली ठेव, बोलायचंही नाही. धुळीचे दहा-बारा कण असतील तर काही फरक पडत नाही, नवीन लेन्समधे पण असतात. पुढच्या काचेवर बारीक ओरखडा असेल तर भाव कमी करून घ्यायला कामाचा, फोटोत दिसत नाही. मागच्या काचेवर असेल तर दिसतो. फंगस कडेला हलका असेल तर साफ होतो, पण कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही त्याचा नकाशा उरतो, आणि तो नकाशा उन्हासमोर फोटोत पसरतो. ‘उन्हात ठेवा फंगस मरते’ असं सांगणारे भेटतील, मेली तरी खाल्लेलं परत येत नाही.

मग अपर्चरची पाती. रिंग एफ २२ वर ठेव, लेन्सच्या मागची छोटी लिव्हर बोटानं दाबून सोड, पाती झटक्यात मिटली पाहिजेत. हळू मिटली, अर्ध्यात थांबली, किंवा पात्यांवर तेलाची चमक दिसली, तर फोटो काढताना शटर उघडेपर्यंत अपर्चर मिटलेलंच नसणार, सगळे फोटो ओव्हर. नागपुरात हा रोग जास्त दिसतो. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, गाडीच्या डिक्कीत किंवा स्लॅबखालच्या कपाटात लेन्स ठेवली की फोकसच्या नळीतलं ग्रीस पातळ होते, त्यातलं तेल सुटून पात्यांवर येते, आणि ग्रीस उरते ते सुकून नळी जड करते. म्हणून फोकस रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघ, मधे कुठे अडकते का, कुठे एकदम सैल का. जड असली तर सर्विसिंगनं होते, खडखड आवाज आला तर आत स्क्रू सुटला आहे किंवा आधी कोणीतरी उघडली आहे. स्क्रूच्या डोक्यांवर खरवडल्याच्या खुणा बघ, त्यावरून कळते किती हात लागले.

शेवटी कॅमेऱ्यावर लावून बघ. म्हणून दुकानात जाताना बॉडी सोबत ने, रोल न टाकता. मागचं झाकण उघड, शटर बी वर, म्हणजे बोट उचलेपर्यंत उघडं राहते त्या खुणेवर ठेवून दाबून धर, मागून अपर्चर बघ, प्रत्येक आकड्याला भोक बदलते का. मग दूरचा टॉवर किंवा पाण्याची टाकी बघ, रिंग अनंतावर टेकवली की शार्प दिसली पाहिजे.

घ्यायची कुठून? सीताबर्डी, धरमपेठ, इतवारीकडच्या जुन्या फोटो स्टुडिओंमधे आधी विचार, डिजिटल आल्यावर फिल्मचा सगळा माल मागच्या खोलीत गेला, मालक बसलेला असेल तर काढून दाखवतो, कधी गप्पांवरच भाव उतरतो. मुंबईत बोरा बाजार, तिथे पारखूनच घे. जपानमधून ऑनलाइन मागवणार असशील तर कस्टम ड्युटी धरून हिशोब कर, आणि वर्णनात ‘मिंट’, म्हणजे नव्यासारखं, लिहिलं म्हणून खाली बारीक अक्षरात ‘थोडा हेझ, फोटोवर परिणाम नाही’ लिहिलेलं असते ते वाच. परिणाम होतो.

आणि आणल्यावर सांभाळायची कशी, हे नाही सांगितलं तर वर्षभरात तू मला फंगसचा फोटो पाठवशील. आजोबांची ती चामड्याची केस असेल, सुंदर दिसते, पण चामडं ओल धरते आणि बुरशीला खायला तेच लागते, लेन्स त्यात ठेवायची नाही. केस शोकेसमधे, लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेल, निळी गुलाबी झाली की तव्यावर हलकी गरम करून परत निळी कर, खायच्या भांड्यात मात्र नको. आत छोटा हायग्रोमीटर, हवेतली ओल मोजणारा, टाकला तर उत्तम, ४० ते ५० टक्क्यांत ठेव. लोकांना वाटते नागपूरची हवा कोरडी, इथे काय फंगस. उन्हाळ्यात बाहेर कोरडी, पण घरात काय, वाळ्याचा कूलर, दिवसरात्र पाणी उडवून राहिला, त्याच खोलीतल्या कपाटात कॅमेरा. मग लगेच पावसाळा. म्हणजे मार्च ते सप्टेंबर तो ओलीतच बसला. डब्यात ठेव, आणि महिन्यातून एकदा काढून उजेडात रिंगा फिरव, वापरलेली लेन्स टिकते.

बॅटरीचं सोपं आहे, एक एलआर४४, फक्त मीटरला, नसली तरी शटर चालते. पण के१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सवर कॅप नाही लावली तर सेल उतरतो.

दहा हजारात तुझा हिशोब असा कर. आधी ५० कोणाला तरी उघडून साफ करून घ्यायची गरज आहे का ते वरच्या पद्धतीनं तपास, असेल तर ते पैसे पहिले. मग २८. मग हूड आणि डबा. उरले त्याचे रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनचे पैसे धरून. १३५ दिवाळीनंतर.

नवीन लेन्स आली की पहिला रोल तिच्यावरच घाल, वहीत प्रत्येक फ्रेमचं अपर्चर आणि शटर लिही. विटांची सरळ भिंत पूर्ण उघड्या अपर्चरला, मग ५.६ ला, मग ११ ला. एक फोटो सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर ठेवून, त्यात हेझ आणि फंगसचं खरं दिसते. एक जवळच्या जवळ, एक अनंतावर. कलर निगेटिव्ह नको, कोणतीही ब्लॅक अँड व्हाइट चालेल. आणि रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत पाहिजे हे आधीच सांगून ठेव, काही लॅबवाले स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह विचारल्याशिवाय देत नाहीत, मग महिन्याभरानं मागायला गेलं की सापडत नाही.